रिमोटच्या बोटीचं किट घ्यायचंय: प्लास्टिक की लाकडी?

भाच्याने मागच्या महिन्यात रात्री साडेअकराला दोन लिंका पाठवल्या आणि खाली एवढंच लिहिलं, "मामा, यातलं कुठलं घेऊ?" एक होतं इटालेरीचं प्लास्टिक किट, दुसऱ्या महायुद्धातली अमेरिकन पीटी बोट (टॉर्पेडो सोडणारी छोटी वेगवान युद्धनौका), १:३५ स्केलमधली. दुसरं डेन्मार्कच्या बिलिंग बोट्सचं, मासेमारीचं ट्रॉलर, फोटोत एकदम लाकडी. मी त्याला अकरा मिनिटांची व्हॉइस नोट पाठवली, ती त्याने अजून ऐकलेली नाही. म्हणून म्हटलं एकदा सगळं लिहूनच काढावं.

आधीच सांगतो, प्लास्टिक चांगलं की लाकूड चांगलं या वादात मी पडत नाही. मला एवढंच विचारायचं असतं की तुम्हाला बोट बांधायचीय की चालवायचीय, आणि चालवायची असेल तर कुठल्या पाण्यात. आणि त्याच्याही आधी हे मान्य करा की पहिली बोट एकदा तरी बुडणार किंवा काठावर आपटणारच, मग ती फुटल्यावर कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानात मिळणाऱ्या सामानात तुम्हाला ती दुरुस्त करता येईल का? आपल्याकडे सुटा पार्ट मागवायचा म्हणजे दीड महिना वाट बघायची आणि कुरियरचा खर्च पार्टपेक्षा जास्त.

खोक्यात नक्की काय आहे ते बघा

प्लास्टिक किट म्हणून दोन एकदम वेगळ्या गोष्टी विकल्या जातात आणि इथेच बहुतेक जण फसतात. पहिली म्हणजे शोकेसमध्ये ठेवायची किट, रिव्हेल, टामिया, ट्रम्पीटर, एअरफिक्स वगैरे. ही पॉलिस्टायरिनची असतात, साच्यात ओतलेले शेकडो बारीक पार्ट, तोडून चिकटवायचे. कंपनीच्या डोक्यात ही बोट पाण्यात जाणार असं नसतंच, पण लोक हल, म्हणजे बोटीचं खालचं सगळं अंग, कापून भोकं पाडून त्यात मोटर बसवतात आणि मस्त चालवतात. दुसरी म्हणजे रिमोटसाठीच बनवलेली किट, ज्यात हल एबीएस प्लास्टिकचा एका तुकड्यात येतो आणि डेक, केबिन वगैरे प्लायचे किंवा प्लास्टिक शीटचे कापायचे असतात. एबीएस म्हणजे स्कूटीचे पॅनल किंवा हेल्मेटचं कवच ज्याचं असतं ते. पॉलिस्टायरिन आपटलं की काचेसारखा टवका उडतो, एबीएस आधी वाकतं आणि बऱ्याचदा तसंच सुटतं.

आता गंमत अशी की लाकडी म्हणून प्रसिद्ध असलेल्या बिलिंगच्याच कितीतरी किटमध्ये हल एबीएसचा असतो, लाकूड फक्त वरती. भाच्याने पाठवलेलं ट्रॉलर नॉर्डकॅप, १:५० स्केल, ते याच जातीचं. तो मला म्हणाला "पण मामा, वर लाकडी लिहिलंय." अरे, खाली वाच ना बाबा, पार्टच्या यादीत हल कशाचा लिहिलाय ते बघ.

आणि तिसरा प्रकार खरा लाकडी. मधे कील, म्हणजे बोटीचा कणा, त्यावर उभ्या फ्रेम, म्हणजे माशाच्या काट्यासारखा सांगाडा, आणि त्यावर पातळ पट्ट्या एकेक करून चिकटवत जायच्या. अमेरिकेतल्या ड्यूमासच्या क्रिस-क्राफ्ट स्पीडबोटी अशाच बांधायच्या असतात, वर महोगनी, वॉर्निश मारल्यावर नजर हटत नाही. हे किट घेताना एक गोष्ट न चुकता तपासा: ती बोट रिमोटसाठी आहे असं स्पष्ट लिहिलंय का. व्हिक्टरी, कटी सार्क असली शिडाची जहाजं बहुतेक वेळा नुसती शोभेची असतात, त्यांच्या फ्रेम इतक्या भरीव असतात की आत बॅटरी सोडा, काड्यापेटी बसायची नाही. मी माझं पहिलं लाकडी किट असंच घेतलं होतं, दुकानदार म्हणाला "हो हो, मोटर बसते ना." बसली असती, डेकवर.

वजनाचं गणित, हे टाळू नका

हा भाग कंटाळवाणा वाटेल पण अर्धे पैसे इथेच वाचतात. स्केल १:३५ म्हणजे लांबी ३५ ने भागायची, रुंदीही ३५ ने. पण वजन भागायचं ३५ गुणिले ३५ गुणिले ३५, म्हणजे ४२,८७५ ने. खरी पीटी बोट ८० फुटी, साधारण ५५ टनांची. मॉडेल झालं ७० सेंटिमीटर लांब आणि वजन जेमतेम १३०० ग्रॅम. या १३०० मध्ये प्लास्टिक, रंग, मोटर, बॅटरी, सर्वो (सुकाणू फिरवणारी छोटी मोटर), रिसीव्हर सगळं बसवायचं, त्याच्यावर गेलं की बोट पाण्यात जास्त खाली बसणार आणि पळायच्या ऐवजी नांगर ओढल्यासारखी चालणार. जमतं, पण लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी लागते, ती हलकी असते. जुन्या रिमोटच्या गाड्यांमधला ७.२ व्होल्टचा निमेचा (निकेल-मेटल हायड्राइड बॅटरीचा) पॅक टाकला तर तोच एकटा साधारण ४०० ग्रॅम खाऊन बसतो.

आता दुसरं टोक बघा. १:३५० मधली फ्लेचर क्लास विनाशिका, दिसायला सुंदर, किंमतही ठीक, सगळ्यांना मोह होतो. खरी बोट भरलेली २५०० टन. ३५० चा घन होतो ४,२८,७५,०००. भागून या, उत्तर येतं ५८ ग्रॅम. एका अंड्याएवढं! ३३ सेंटिमीटर लांब आणि साडेतीन सेंटिमीटर रुंद पेन्सिलीत तुम्ही ५८ ग्रॅममध्ये काय काय घालणार? पण त्याच १:३५० स्केलमध्ये यामातो ही अवाढव्य जपानी युद्धनौका घ्या, खरी ७२,००० टनांची, मॉडेल ७५ सेंटिमीटर आणि वजन १.७ किलोच्या आसपास, ती आरामात होते. म्हणजे स्केल एकच, पण जहाज बघून निर्णय फिरतो.

शोकेसच्या किटांमध्ये रिमोटसाठी मला सगळ्यात आवडणारी म्हणजे रिव्हेलची १:७२ मधली फ्लॉवर क्लास कॉर्व्हेट, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली छोटी ब्रिटिश युद्धनौका. मूळ साचा मॅचबॉक्सचा, १९७९ चा. लांबी ८७ सेंटिमीटर, खरी बोट साधारण ९४० टन, म्हणजे मॉडेल अडीच किलोपर्यंत नेता येतं, जागा भरपूर, मोटर एकच, प्रोपेलर एकच, सुकाणू एकच. डोकेदुखी कमी. शिवाय आपला एक धागा असा की युद्ध संपण्याच्या आसपास या क्लासच्या काही बोटी रॉयल इंडियन नेव्हीला मिळाल्या, त्यातल्या एकीचं नाव चक्क मराठा होतं. तपशिलात फरक आहेत, पण कोणी ते नाव लिहून नाशकात चालवली तर मी तरी चूक काढणार नाही.

किटवर वजन दिलेलं नसेल तर अंदाज असा काढायचा: पाण्यात बसणाऱ्या भागाची लांबी गुणिले रुंदी गुणिले खोली, सगळं सेंटिमीटरमध्ये, आणि त्याला अंगलटीप्रमाणे ०.५ ते ०.६ ने गुणायचं. जे येईल ते ग्रॅम, कारण गोड्या पाण्याचा एक घन सेंटिमीटर म्हणजे एक ग्रॅम. ६० बाय १८ बाय ७ ची टगबोट, जाडजूड पोटाची म्हणून ०.६ धरा, साडेचार किलो निघतात. म्हणून तर मी नवशिक्याला टग घे म्हणतो, लांबी पीटी बोटीपेक्षा कमी आणि वजन तिप्पट पेलते, त्यात यूपीएससारखी ६ व्होल्टची छोटी लेड-अ‍ॅसिड बॅटरी टाकली तरी वर अजून वजन भरावं लागतं. काटेकोर हिशोब करायची गरजच पडत नाही.

लाकडाचं काम खरं काय असतं

फोटो बघून वाटतं की पट्ट्या चिकटवायच्या, त्यात काय. पहिल्या चार पट्ट्या लागेपर्यंत मलाही तसंच वाटलं होतं.

कील सरळ फळीवर घट्ट बांधून घ्या, मी जुन्या कपाटाचं दार वापरतो. फ्रेम गुण्यात उभ्या राहिल्या पाहिजेत, गुण्या लावूनच बघा, नजरेवर विश्वास नको. मग फ्रेमच्या कडा पट्टीच्या वळणाला जुळतील अशा तिरक्या घासायच्या, कारण नाळेकडे, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाकडे, पट्टी वळते आणि फ्रेमची कड सरळ राहिली तर पट्टी फक्त एका टोकावर टेकते. एक पट्टी हातात धरून सगळ्या फ्रेमवर टेकवून बघायची, कुठे हवा दिसली की घासा, परत टेकवा. या कामाला दोन संध्याकाळी जातात आणि कोणाला दाखवण्यासारखं काहीच होत नाही, म्हणून लोक हे टाळतात आणि नंतर हलला भाकरीसारखे फुगवटे आले की पुट्टी भरत बसतात.

पट्टी डावीकडे एक लावली की उजवीकडे एक, मग परत डावीकडे. एक बाजू आधी संपवली तर डिंक वाळताना सांगाडा केळ्यासारखा वाकतो आणि ती बोट आयुष्यभर एका बाजूला वळत राहते, रिमोटवर कितीही ट्रिम द्या. पट्ट्या मधे पूर्ण रुंदीच्या आणि नाळेकडे जाताना निमुळत्या करत न्यायच्या, साधारण निम्म्यापर्यंत, त्याहून बारीक केल्या तर टोकं फाटतात. वळण जास्त असेल तर कोमट पाण्यात वीसेक मिनिटं भिजवा, हाताने हळूहळू वाकवा, क्लिप लावून वाळू द्या आणि वाळल्यावरच चिकटवा. ओली पट्टी चिकटवली की वाळून आकसते आणि फट पडते.

डिंक म्हणाल तर साधा पांढरा फेव्हिकॉल पाण्यात टिकत नाही, मरीन लिहिलेला घ्या, फर्निचरवाले सिंकखाली वापरतात तोच. कील आणि मोटरच्या जागी अराल्डाइट, दोन ट्यूबवाला, आणि तो हळू वाळणारा. पाच मिनिटंवाला एपॉक्सी घाईला ठीक आहे पण सतत पाण्यात राहणाऱ्या जागी मी लावत नाही.

मग बाहेरून पातळ ग्लासक्लॉथ, चौरस मीटरला २५ ते ५० ग्रॅमचं, एपॉक्सी रेझिनने बसवायचं. हे केलं की लाकूड दिसायला लाकूड राहतं पण वागायला फायबर होतं. आतूनही रेझिनचा पातळ हात, डेक बंद करायच्या आधी, प्रत्येक कोपऱ्यात, कारण पाणी आत येणारच आहे, शाफ्टच्या (मोटरपासून प्रोपेलरपर्यंत जाणाऱ्या दांडीच्या) ट्यूबमधून थोडं का होईना येतंच. आतलं लाकूड उघडं राहिलं तर पुढच्या पावसाळ्यात काळे डाग दिसायला लागतात आणि मग ते कितीही रंगवा, खालून कुजतच राहतं.

पावसाळ्यावरून आठवलं, पट्ट्या लावायचं काम जुलै-ऑगस्टमध्ये काढू नका. हवेतला दमटपणा पिऊन लाकूड फुगलेलं असतं, तेव्हा अगदी घट्ट बसलेली पट्टी मार्चमध्ये आकसून फट दाखवते. दसरा ते होळी हा माझा पट्ट्यांचा मोसम, पावसाळ्यात मी केबिन, रेलिंग, वायरिंग असली घरातली कामं करतो. कोकणात राहणाऱ्यांना तर हे मी सांगायची गरजच नाही.

वेळ किती? माझं लाकडी किट रविवार आणि अधूनमधून संध्याकाळ असं करत आठ महिने चाललं. एबीएस हलची टग सात-आठ आठवड्यांत पाण्यात होती. ज्याला बांधण्यातच मजा आहे त्याने लाकूड घ्यावं, त्याच्यासारखं सुख नाही, वासापासून सगळं. पण ज्याच्या घरी दहा वर्षांचं पोरगं रोज विचारतंय की "बाबा, कधी चालणार?" त्याने आठ महिन्यांचं काम काढू नये. चार महिन्यांत पोराला क्रिकेटची बॅट सापडते आणि सांगाडा माळ्यावर जातो.

प्लास्टिकचे स्वतःचे नखरे

प्लास्टिक सोपं म्हणतात, पण त्यात वेगळ्या चुका होतात, आणि त्या एकदम होतात, लाकडासारखा विचार करायला वेळ देत नाहीत.

माझी सगळ्यात महागात पडलेली चूक ऐका. शोकेसच्या किटचा हल पातळ असतो, आतून मजबूत करायला हवा, म्हणून मी फायबरवाल्याकडचं रेझिन आणलं, ते पाण्याच्या टाक्या आणि गणपतीचे मखर करायला वापरतात ते, कोबाल्ट आणि हार्डनर टाकायचं. ते असतं पॉलिएस्टर, त्यात स्टायरिन असतं, आणि पॉलिस्टायरिनला ते विरघळवतं. वर ते जमताना गरम होतं. दहा मिनिटांत हल बाजूने मऊ पडून आत बसला, उन्हात ठेवलेल्या आइस्क्रीमच्या कपासारखा. पॉलिस्टायरिनवर फक्त एपॉक्सी, हे लिहून भिंतीला चिकटवा. थर्माकोलचंही तेच, तेही पॉलिस्टायरिनच, त्यामुळे तरंगायला म्हणून आत थर्माकोल भरून वर पॉलिएस्टर ओतायची आयडिया कोणी दिली तर त्याला चहा पाजा आणि घरी पाठवा. आणि हो, ते हार्डनर डोळ्यात गेलं तर डोळा जाऊ शकतो, चष्मा लावल्याशिवाय बाटली उघडू नका.

रंगाचंही तसंच. एनसी थिनर पॉलिस्टायरिनला खातं. गाडीच्या रंगाच्या दुकानातला स्प्रे मारायचा असेल तर आधी पार्ट ज्या चौकटीला लागलेले असतात तिच्या टाकाऊ तुकड्यावर मारून बघा आणि एकदम ओला हात न देता लांबून हलके हलके थर द्या. रंगाआधी सगळं साबणाच्या पाण्याने धुऊन घ्या, साच्यातून काढायला लावलेलं तेल राहिलेलं असतं, त्यावर रंग धरत नाही.

बऱ्याच किटमध्ये हल दोन अर्ध्या भागांत येतो. तो मधला सांधा ही प्लास्टिक बोटीची नाडी. नुसत्या प्लास्टिक सिमेंटवर भागवू नका, आतून सांध्याच्या बाजूने ग्लासक्लॉथची पट्टी एपॉक्सीने बसवा, आणि दर दहा-बारा सेंटिमीटरवर एक आडवी भिंत घाला, ३ मिलीमीटरच्या सनबोर्डची (पाट्यांसाठी वापरतात त्या हलक्या प्लास्टिक शीटची) चालते, साइनबोर्डवाल्याकडे त्याचे कापलेले तुकडे पडलेले असतात, मागितले तर फुकट देतात. केबिन बनवायलाही मला सनबोर्ड इम्पोर्टेड शीटपेक्षा परवडतं. आणि त्याच साइनबोर्डवाल्याकडे लेझर मशीन असेल तर प्लायच्या फ्रेम कापून मिळतात, म्हणजे फ्रेम तुटली म्हणून किट वाया गेलं असं होत नाही. लाकडाचा हा मोठा फायदा, त्याचा कुठलाही पार्ट तुम्ही इथे परत बनवू शकता. साच्यातली प्लास्टिकची तोफ हरवली की मग जुळवाजुळव करून काहीतरी तसलं दिसणारं घडवा.

एबीएस हलला आणखी एक खोड असते, डेक बसेपर्यंत तो लुळा असतो, प्लास्टिकच्या तसराळ्यासारखा. आधी आडव्या पट्ट्या लावून रुंदी पक्की करा, नाहीतर डेक बसतो पण बोट मधे पिळलेली राहते. प्लाय आणि एबीएस जोडताना एबीएस खरखरीत पॉलिश पेपरने घासून मग एपॉक्सी. फेव्हिक्विकने चिकटतं, लगेच चिकटतं, म्हणूनच मोह होतो, पण उन्हात प्लास्टिक आणि लाकूड वेगवेगळं प्रसरण पावतं आणि तो कडक सांधा एक दिवस टक् करून सुटतो. एबीएसला एबीएस जोडायला एसीटोन चालतं, थोडे कतरण त्यात विरघळवून पेस्ट केली की फटी भरायलाही उत्तम.

आणि उन्हाळा. एप्रिलमध्ये गाडीच्या मागच्या काचेखाली प्लास्टिकची बोट ठेवून दुपारी जेवायला जाऊ नका, गडद रंगाची तर मुळीच नाही. पातळ डेक लाटांसारखा होतो. लाकडी बोटीला तेवढं होत नाही, तिचं वॉर्निश मात्र उन्हाने पिवळं पडून तडकतं.

तुमचं पाणी कसंय

माझं पाणी म्हणजे दिंडोरीकडे मेव्हण्याचं शेततळं, द्राक्षवाल्यांकडे असतं तसं, प्लास्टिक कागद अंथरलेलं. बोटीसाठी याच्यासारखं पाणी नाही, स्वच्छ, लाट नाही, तळाशी दगड नाहीत, आपटलं तरी कागदावर. इथे प्लास्टिकच्या नाजूक बोटीही वर्षानुवर्षं टिकतात. पण एक गोष्ट हात जोडून सांगतो, बोट मधे बंद पडली तर तिच्यासाठी शेततळ्यात उतरू नका. त्या कागदाचा उतार ओला झाला की शेवाळाने इतका निसरडा होतो की पोहता येणारा माणूसही वर येऊ शकत नाही, आपल्याकडे दरवर्षी माणसं जातात अशी. लहान मुलांना काठावर सोडू नका, आणि आधी एक दोर काठावर पक्का बांधून त्याचं मोकळं टोक पाण्यात सोडून ठेवा, मगच रिमोट हातात घ्या.

तलाव असेल, दगडी घाट असेल, तर पॉलिस्टायरिन विसरा. एबीएस किंवा ग्लासक्लॉथ चढवलेलं लाकूड. जलपर्णी असेल तर तिसराच प्रश्न, ती प्रोपेलरला गुंडाळते, मोटर अडकते, अडकलेली मोटर भसाभसा करंट ओढते आणि स्पीड कंट्रोलर जळतो. तिथे बॅटरीच्या वायरला फ्यूज हवाच, आणि हळू फिरणारी मोठ्या प्रोपेलरची टगच बरी. समुद्र किंवा खाडीत चालवणार असाल तर घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुणं, शाफ्टमध्ये ग्रीस, मोटरच्या बेअरिंगला तेलाचा थेंब, हे दर वेळी, कंटाळा आला तरी.

मग मी कुणाला काय सांगतो

पहिलीच बोट असेल तर रिमोटसाठीचं एबीएस हल आणि वर प्लायचा डेक-केबिन असलेलं किट, टग किंवा मासेमारीचं. त्यात तुम्ही लाकूड कापायला, घासायला, सील करायला शिकता, पण पाणी अडवायची जबाबदारी कारखान्यातून आलेल्या हलवर असते. दुसरी बोट पूर्ण लाकडी करा, तोवर हात बसलेला असतो. शोकेसच्या किटमध्ये मोटर घालायचं काम तिसऱ्या नंबरवर ठेवा, लोकांना ते स्वस्त म्हणून पहिलं वाटतं पण त्यात सगळंच स्वतः ठरवायचं असतं, शाफ्टचं भोक कुठे, हॅच (डेकवरचं उघडायचं झाकण) कुठे कापायची, वजन कुठे. तो अनुभवी माणसाचा खेळ आहे. ज्याने आधी विमानं-रणगाड्यांची प्लास्टिक मॉडेल केलीत त्याला मात्र हे उलटं लागू, त्याने सरळ फ्लॉवर क्लास घ्यावी.

किंमत बघताना किटची किंमत बघून उडी मारू नका, कुरियर आणि कस्टम ड्युटी धरून आकडा काढा, आणि लाकडी किट जड खोक्यात येतं हे लक्षात ठेवा. बऱ्याच किटमध्ये मोटर, शाफ्ट, प्रोपेलर, रेडिओ काहीच नसतं, ते वेगळं. रेडिओ २.४ गिगाहर्ट्झचा, इथल्याच दुकानातून घ्या, बाहेरून मागवलेला परवान्याच्या कागदांसाठी कस्टममध्ये अडकून बसू शकतो. जाता जाता, रेडिओवर चाललेली बोट नवीन नाही बरं का, १८९८ साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये निकोला टेस्लाने चालवून दाखवली होती, आणि तिचा हल लोखंडी होता, म्हणजे हा प्लास्टिक-लाकडाचा प्रश्न त्याने वेगळ्याच पद्धतीने सोडवला होता.

पाण्यात सोडायच्या आधी

प्लास्टिक असो की लाकूड, इथून पुढे दोन्ही सारखंच. मोटर आणि शाफ्ट एका रेषेत हवेत, हाताने फिरवल्यावर कुठेही अडू नये, कपलिंग, म्हणजे या दोघांना जोडणारा तुकडा, वाकडं असेल तर बोट मिक्सरसारखी ओरडते आणि बॅटरी निम्म्या वेळात संपते. हॅचच्या भोवती डेकवर १० ते १५ मिलीमीटर उंचीची कड ठेवा, डेकवर आलेलं पाणी आत जात नाही. कोणाचं किट म्हणत असेल की हॅच सपाट ठेवा तर ऐकू नका.

मग घरच्या टबात किंवा पाण्याच्या टाकीत, मोटर न चालवता, सगळं सामान आत ठेवून बोट सोडा. पाण्याची रेष किटवर दाखवलीय तिथे येईपर्यंत वजन टाका, शिशाचे तुकडे किंवा छऱ्याच्या पिशव्या, जितकं खाली जमेल तितकं खाली, कीलवर. बॅटरी वेल्क्रोने बांधा. एका बाजूला बोटाने दाबून सोडा, बोट झटकन सरळ झाली पाहिजे. आळसावल्यासारखी हळूहळू उठत असेल तर वरचं वजन जास्त आहे, आणि प्लास्टिक युद्धनौकांमध्ये हे फार होतं कारण वर तोफा-मनोरे आणि खाली पातळ हल. वीस मिनिटं तशीच ठेवून आत टिश्यू पेपर फिरवा, कुठे ओला होतो ते बघा. हलमधल्या मोकळ्या जागेत रिकाम्या पाण्याच्या बाटल्या झाकण घट्ट लावून अडकवल्या की आत पाणी भरलं तरी बोट तळाला जायची शक्यता कमी होते.

पहिल्या फेरीला गळाची काठी सोबत ठेवा, दोऱ्याच्या टोकाला टेनिस बॉल. बोट बंद पडली की बॉल तिच्या पलीकडे फेकायचा आणि दोरा हळूहळू ओढायचा, बोट अलगद काठाला येते. मी ही काठी तीन वर्षं वापरतोय, मेव्हणा म्हणतो एकदा तरी मासा आण. घरी आल्यावर हॅच उघडी ठेवून रात्रभर पंख्याखाली, लाकडी असेल तर दोन रात्री, आणि लिपो बॅटरी काढून वेगळी ठेवायची, बोटीत लावून माळ्यावर टाकायची नाही.